खोटं बोलायला तयार नसलेला नायक

मी लिहिलेल्या नाटकातल्या माणसाने खोटं बोलावं की नाही हे मीच ठरवायचं, अशी माझी भाबडी समजूत होती. मंडळातल्या पहिल्या वाचनालाच ती मोडीत निघाली.

नव्वदच्या दशकाची मधली वर्षं होती. कोल्हापूरहून लग्न होऊन मी बंगळूरला आले त्याला बराच काळ लोटला होता. जयनगरच्या एका शाळेत मी हिंदी शिकवायचे, आणि जानेवारी जवळ आला की मला धडकी भरायची, कारण मराठी मंडळाच्या संमेलनाचं नाटक बसवायचं काम माझ्या गळ्यात पडलेलं असे. तयार नाटक घ्यावं तर त्यात दहा-बारा पात्रं, आणि आमच्याकडे तालमीला नेमाने येणारी माणसं चार. म्हणून त्या वर्षी मी स्वतःच लिहिलं. चार माणसांत बसेल असं, दोन अंकी.

गोष्ट साधी होती. दोन भाऊ. वडील लवकर गेले तेव्हा थोरल्याने शाळा सोडून कारखान्यात काम धरलं आणि धाकट्याला शिकवलं. आता थोरला त्याच कारखान्यात बॉयलरवर मुकादम आहे आणि धाकटा तिथल्याच ऑफिसात कारकून. एके दिवशी मुलाला फणफणून ताप आल्याचा निरोप येतो, आणि थोरला कुणाला न सांगता जागा सोडून घरी जातो. तेवढ्यात वाफेचा पाइप फुटतो आणि एका तरुण कामगाराचा हात जातो. चौकशी बसते. थोरला जागेवर नव्हता हे एकट्या धाकट्याने पाहिलेलं. त्याला विचारतात, तुमचे भाऊ जागेवर होते का? तो म्हणतो, होते. इथे पहिला अंक संपतो. दुसऱ्या अंकात सगळा दोष त्या जखमी पोरावर जातो, पोराचा बाप दारात येऊन उभा राहतो, आणि ज्या घरासाठी धाकटा खोटं बोलला त्या घरात त्याला घास गिळत नाही.

मला वाटलं होतं, लोक म्हणतील बरं लिहिलंय, नाहीतर म्हणतील बरं नाही जमलं. दोन्हीची तयारी मी करून गेले होते. पण नाटकाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. वाचन ऐकायला जमलेले मंडळातले लोक त्या धाकट्या भावावरच तुटून पडले, जणू तो बाहेर व्हरांड्यात चपला काढून बसला होता आणि त्याला आत बोलावून जाब विचारायचा होता.

धाकट्याचं काम ज्याला दिलं होतं तो पुण्याहून आलेला पस्तिशीचा गृहस्थ होता. बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात माल तपासायच्या खात्यात नोकरीला. राहायला एचएसआर लेआउटमध्ये, जिथे तेव्हा घरांपेक्षा प्लॉटच्या खुणेचे दगड जास्त होते. तिथून स्कूटरवर धूळ खात तो मल्लेश्वरमला तालमीला यायचा आणि तरीही सगळ्यांच्या आधी पोचलेला असायचा. आवाज खणखणीत, पाठांतर चोख. असा नट मिळावा म्हणून मी देव पाण्यात ठेवून बसले होते. देव पावले, आणि वाचन संपल्यावर तो नट म्हणाला, "मॅडम, हा खोटं बोलतो ते कॅरेक्टरला शोभत नाही."

का शोभत नाही, असं मी विचारलं. तर म्हणाला, हीरो आहे ना तो. मी त्याला समजावलं की हा हीरो वगैरे कुणी नाही, दोन्हीकडून कात्रीत सापडलेला एक साधा माणूस आहे. त्याने मान डोलावली. मला वाटलं मिटलं. पुढच्या रविवारी तो पर्याय घेऊन आला. धाकटा काही न बोलता नुसता उभा राहिला तर? किंवा साक्ष द्यायच्या आधीच त्याला भोवळ आली तर? किंवा शेवटी कळलं की थोरल्यानेच जाऊन आधी कबुली दिली होती, तर? प्रत्येक वेळी मी नाही म्हणायचे आणि तो शांतपणे म्हणायचा, "बघा, विचार करा." जसं काही मी विचार न करताच लिहिलं होतं.

थोरल्याचं काम मंडळाच्या अध्यक्षांकडे होतं. त्यांना सगळे अण्णा म्हणत. त्यांचं घराणं इतक्या पिढ्या इथे होतं की घरात मराठी बोलताना मध्येच कन्नड शब्द यायचे आणि ते त्यांच्या लक्षातही येत नसे. अण्णांना धाकट्याच्या खोटं बोलण्याचं काही वाटत नव्हतं. त्यांना थोरल्याची चूक खुपत होती.

"बघम्मा," ते म्हणाले, "त्याने जाताना बदली माणूस ठेवला होता, तो माणूस पळाला, असं कर. स्वल्प बदल."

"मग चूक कुणाची, अण्णा?"

"त्या पळालेल्याची."

"पण तो नाटकात कुठेच नाही."

"तेच तर बरं आहे," अण्णा म्हणाले.

शिवाय अध्यक्ष या नात्याने त्यांचा वेगळा आग्रह होता. धाकट्याने खोटं बोलायचंच असेल तर शेवटी त्याला काहीतरी व्हायला हवं, लोकांनी काही बोध घेऊन घरी जायला हवं. पक्षाघात सुचवला त्यांनी. मी म्हटलं, अण्णा, शेवटच्या पाच मिनिटांत पक्षाघात कुठून आणू? तर म्हणाले, तू लिहिणारी, तुला सुचेल.

राहिली वहिनी, म्हणजे थोरल्याची बायको. ते काम करणाऱ्या बाईंना आम्ही अक्का म्हणायचो. पन्नाशीला टेकलेल्या, टेलिफोन खात्यात ऑपरेटर, अण्णांसारख्याच जुन्या घरातल्या. शाळा सगळी कन्नडमधून झालेली, त्यामुळे देवनागरी वाचताना अडखळायच्या. मी संवाद वाचून दाखवायचे आणि त्या भराभर कन्नड लिपीत मराठी लिहून घ्यायच्या. तालमीत हातात कन्नड कागद आणि तोंडात मराठी. नव्या आलेल्या मंडळींना त्याचं हसू यायचं, पण पाठांतरात अक्का कधी चुकल्या नाहीत. त्यांचा निवाडा पहिल्या दिवसापासून ठरलेला होता. ज्याच्या ताटात जेवून मोठा झाला त्याला तुरुंगात घालायचं? बोलला खोटं तर बोलला.

पुणेकर विचारायचा, मग त्या मुलाच्या हाताचं काय? अक्का म्हणायच्या, हात तर गेलाच की, खरं बोलून तो परत येणार आहे का? मग तो तावातावाने न्याय म्हणजे काय ते सांगायचा, अक्का घर म्हणजे काय ते सांगायच्या, अण्णा आपला पळालेला बदली माणूस पुन्हा आत आणायचे, आणि कोपऱ्यावरून मागवलेली, एका कपाची दोघांत केलेली बाय-टू कॉफी निवून तिच्यावर साय धरायची. तालीम राहायची बाजूला. मी हातात संहिता घेऊन खुर्चीत बसलेली.

घरी येऊन मी नवऱ्यासमोर भडास काढायचे. जखमी पोराच्या बापाचं काम मी त्यालाच दिलं होतं, कारण त्याला एका सरकारी कारखान्यातून सुटल्यावर दुसरा उद्योग नव्हता आणि त्या बापाला मोजकीच वाक्यं होती. एकदा चिडून मी त्याला विचारलं, तुला तरी काय वाटतं, धाकट्याने काय करावं? तो कांदा चिरत होता. म्हणाला, "दोघांचंही बरोबर आहे." हे वाक्य तो माझ्या आणि सासूबाईंच्या भांडणातही वापरायचा, त्यामुळे मी पुढे काही बोलले नाही.

मला सगळ्यात चीड कशाची येत होती? शाळेत मी गोष्ट शिकवली की मुलं विचारायची, टीचर, हा चांगला की वाईट? ती बारा वर्षांची होती, त्यांनी विचारणं ठीक होतं. इथे चाळिशी-पन्नाशीची माणसं तेच विचारत होती. आणि कोण विचारत होतं? मधल्या वारी तालीम असली की तब्येत बरी नाही असं ऑफिसात कळवून येणारे लोक मला सत्याबद्दल ऐकवत होते. अण्णा स्वतः घरी तालमीचं सांगत नसत, कारण डॉक्टरांनी त्यांना दगदग करायला मनाई केली होती. मंडळाची मीटिंग आहे म्हणून निघायचे. या सगळ्यांना आपल्या रोजच्या थापा दिसत नव्हत्या असं नाही. पण स्टेजवर जो उभा राहील तो मात्र धुतल्या तांदळासारखा हवा. तुमच्याआमच्यासारखा माणूस बघायला तिकीट कोण काढेल, असंच त्यांना वाटत असावं. आमच्या नाटकाला तर तिकीटही नव्हतं.

शेवटी एका रविवारी मी सांगून टाकलं की संहितेतला एक शब्दही बदलणार नाही, पटत नसेल त्याने आत्ताच सोडावं. कुणी सोडलं नाही. पुणेकर म्हणाला, "ठीक आहे मॅडम, तुमचं नाटक आहे." त्यानंतरच्या तालमींत तो "होते" हा शब्द इतका सुरेख म्हणायचा, एवढा घोगरा, एवढा पडलेला, की मी मनातून सुखावले.

प्रयोग मल्लेश्वरमच्या एका शाळेच्या हॉलमध्ये होता. हॉल भरला होता. पुढच्या रांगांत शालीत गुंडाळलेली जुनी घराणी, मागे पुण्या-मुंबईकडून नव्याने आलेली तरुण मंडळी. चौकशी अधिकाऱ्याचं काम करायला माणूस मिळाला नव्हता, म्हणून तो नुसता आवाज ठेवला होता आणि तो आवाज माझा होता. पडद्यामागे उभी राहून, हातात माइक धरून मी प्रश्न विचारायचे.

पहिला अंक उत्तम चालला. साक्षीचा प्रसंग आला. पुणेकर स्टेजच्या मधोमध उभा. मी विचारलं, "त्या वेळी तुमचे भाऊ जागेवर होते का?"

तो गप्प. तालमीत ठरलेल्या विरामापेक्षा तो फारच वेळ गप्प राहिला. मला वाटलं विसरला. विंगेतून मी हळूच 'होते' पुटपुटले. त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"नव्हते," तो म्हणाला.

माइक माझ्या हातात होता आणि अधिकारी मीच होते. म्हणून अधिकाऱ्याच्या आवाजात, शक्य तेवढ्या जरबेने, मी म्हटलं, "नीट आठवून सांगा. जागेवर होते ना ते?" आयुष्यात पहिल्यांदाच मी एका माणसाला माइकवरून, भरल्या सभागृहासमोर, खोटं बोल म्हणून विनवत होते.

"नव्हते. मी स्वतः पाहिलंय," तो म्हणाला, आणि ठरल्याप्रमाणे डावीकडून निघून गेला. पडदा पाडण्याशिवाय काही उरलं नव्हतं.

मेकअपच्या खोलीत मी त्याला काय काय बोलले ते सगळं आज आठवत नाही, आठवतं तेही इथे लिहिण्यासारखं नाही. दुसऱ्या अंकातलं एकूण एक वाक्य त्याच्या खोट्यावर उभं होतं. वहिनी त्याचे उपकार मानणार होती, थोरला त्याच्या नजरेला नजर देणार नव्हता, बाप दारात येऊन माझ्या मुलाची काय चूक म्हणणार होता. आता त्या मुलाला न्याय मिळाला होता आणि थोरला आत जाणार होता. अण्णा अर्धवट पुसलेल्या मिशांनी माझ्यासमोर उभे राहून विचारत होते, मी आता काय करू, मला सांग, मी काय करू?

पुणेकर खाली मान घालून उभा होता. "मला 'होते' नाही म्हणता आलं," तो म्हणाला. "कंपनीत रोज मी 'ठीक आहे' म्हणून शिक्का मारतो. सगळंच ठीक नसतं. वरून सांगतात, मी मारतो. इथेही पुन्हा तेच म्हणायचं?"

दुसरा कुणी असता तर त्या क्षणी विरघळला असता. मी म्हटलं, "मग कंपनीत खरं बोला ना. माझ्या नाटकात कशाला?"

अक्का एवढा वेळ आपले कन्नड कागद मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी ते घडी घालून पर्समध्ये ठेवले आणि म्हणाल्या, "सरी, असू दे. अण्णा, तुम्ही स्टेजवर येऊच नका, तुम्हाला धरून नेलं." मग पुणेकराकडे वळून, "तू नेहमीसारखा घरात ये. मी बघते." बाहेर लोक खुर्च्या वाजवायला लागले होते. दुसरा मार्ग नव्हता.

दुसरा अंक सुरू झाला. अक्का स्वयंपाकघराच्या दारात बसल्या होत्या. पुणेकर आत आला. त्याच्याजवळ एकही वाक्य नव्हतं, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. अक्कांनी उठून ताट वाढलं, पाट मांडला. तो म्हणाला, वहिनी, मी... आणि अडकला. अक्का म्हणाल्या, कळलं मला, जेव आधी. तो खरोखरच जेवायला बसला. ताटात खोटी भाकरी होती, पुठ्ठ्याची. तो ती हातात धरून बसला आणि अक्का समोर बसून त्याच्याकडे बघत राहिल्या. हॉलमध्ये एक मूल रडत होतं तेही थांबलं.

"खरं बोललास ते चांगलं केलंस," अक्का म्हणाल्या. आवाज अगदी रोजचा, रात्रपाळीला जाताना शेजारणीला निरोप सांगावा तसा. "त्या पोराच्या आईला आज झोप लागेल. पण उद्यापासून तू या घरात येऊ नको. मला तुझ्याकडे बघून जेवण वाढता यायचं नाही."

तो उठला. नेमका त्याच वेळी माझा नवरा, म्हणजे जखमी पोराचा बाप, ठरल्याप्रमाणे दारातून आत आला. त्याच्या वाक्यांना आता काही अर्थ उरला नव्हता. त्याने एकदा अक्कांकडे पाहिलं, एकदा त्या ताटाकडे पाहिलं, हात जोडले आणि "येतो मी" म्हणून तो निघून गेला. त्याच्यामागून पुणेकरही गेला. अक्कांनी ताट उचललं आणि मी पडदा पाडायला सांगितलं. माझ्या पाऊण तासाच्या अंकाची दहा मिनिटं झाली होती.

टाळ्या थांबेनात. जेवणाच्या रांगेत मसालेभाताची पत्रावळ हातात घेऊन लोक माझ्याजवळ येत होते आणि ते वहिनीचं वाक्य काय लिहिलंय म्हणून माझं कौतुक करत होते. बाप काही न बोलता जातो, ती तर कमालच, असं एक गृहस्थ दोनदा येऊन सांगून गेले. मी प्रत्येकाला धन्यवाद म्हणत होते आणि आतून माझा जळफळाट होत होता.

त्याहून भारी गंमत पुढे होती. वाचनाच्या वेळी ज्यांनी ज्यांनी मला ऐकवलं होतं की धाकट्याने खरंच बोलायला हवं, तेच आता म्हणत होते, काय गरज होती याला? चांगलं घर मोडलं. ताप आलेल्या पोरासाठी तर गेला होता बिचारा थोरला. एक बाई मला म्हणाल्या की असा दीर त्यांना असता तर त्यांनी वहिनीपेक्षा वाईट केलं असतं. मी म्हटलं, अहो, तो खोटं बोलला असता तरी तुम्ही त्याला नावंच ठेवली असती. त्या म्हणाल्या, हो, मग? नावं ठेवण्यासारखंच झालं असतं ते. पुढे त्यांनी कोशिंबीर मागितली.

पुणेकर हॉलच्या मागच्या बाजूला खुर्च्या घड्या करून ठेवत होता. त्याच्याकडे फारसं कुणी गेलं नव्हतं. मी गेले ते अजून थोडं सुनवावं म्हणूनच गेले होते. तो म्हणाला, "मला वाटलं होतं, 'नव्हते' म्हटल्यावर लोक टाळ्या वाजवतील. एक टाळी नाही पडली, मॅडम." त्याचा चेहरा इतका उतरला होता की मी बोलायला आणलेलं सगळं तोंडातच राहिलं. जेवलात का, एवढंच विचारलं. नव्हता जेवला. मी त्याला पानावर बसवलं आणि स्वतः वाढलं, तेही रागातच.

त्याने कंपनीत पुढे काय केलं हे मला कळलं नाही. विचारावंसं वाटलं, पण तो माझा प्रश्न नव्हता. नोकरी सोडली नाही हे नक्की, कारण पुढच्या वर्षी तो त्याच स्कूटरवरून, तेवढीच धूळ खात आला आणि म्हणाला, या खेपेला मला खलनायक द्या. मी विचारलं, का? म्हणाला, त्याला कुणी काही विचारत नाही.

अक्का मात्र संमेलनानंतर आठवडाभराने माझ्या घरी आल्या, स्टीलच्या डब्यात चिरोटे घेऊन. वैतागलेल्या होत्या. चिकपेटेत, बाजारात, देवळात, जो भेटेल तो त्यांना विचारत होता, काय अक्का, दिराला घालवून दिलं म्हणे? सख्ख्या नात्यातल्या एका म्हातारीने तर त्यांना बाजूला घेऊन समजावलं होतं की रागाच्या भरात असं तोडू नये. आणि त्यांचा खरा दीर, जो खालच्या मजल्यावर राहायचा आणि रोज सकाळी यांच्याकडे कॉफीला यायचा, तो कप खाली ठेवून गंभीरपणे म्हणाला होता, वहिनी, माझ्याकडून काही चूक झाली तर मलाही असंच सांगाल का?

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"काय म्हणणार? गप कॉफी पी म्हटलं."

मी चिरोटे ताटलीत काढले आणि कित्येक दिवस मनात असलेलं विचारलं. तालमीत तर अक्का म्हणत होत्या की घरासाठी खोटं बोललेलं चालतं. मग खरं बोललेल्या दिराला त्यांनी आधी 'चांगलं केलंस' असं का म्हटलं, आणि खरोखरच अशी वेळ आली असती तर त्याला घालवलं असतं का?

अक्कांनी जरा विचार केला. "चांगलं तर त्याने केलंच होतं, नाही कसं म्हणू? आणि घालवलं नसतं गं," त्या म्हणाल्या. "कुठे घालवणार? वाढलं असतं रोज. बोलले नसते. वर्षभर बोलले नसते."

हे त्या प्रयोगातल्या वाक्यापेक्षाही खरं होतं, आणि माझ्या अख्ख्या संहितेत त्याच्या जवळपास जाणारं काही नव्हतं. मला पुन्हा राग आला, या खेपेला कुणाचा ते कळेना. मी म्हटलं, अक्का, मग स्टेजवर हेच का नाही म्हणालात?

"एवढे लोक समोर बसलेले," अक्का म्हणाल्या. "वर्षभर कसं बसवणार त्यांना?"

मग त्यांनी डबा धुवून मागितला आणि जाता जाता सांगितलं की पुढच्या वर्षी काहीतरी हसायचं लिही.